घराचा हप्ता चालू असताना करिअरकडे ‘खेळ’ म्हणून कसं बघायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, पुण्यात आयटीत ११ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग, आता टेस्ट लीड. पगार बरा, घराचा हप्ता ३८ हजार, नोटीस पिरियड ९० दिवसांचा. कामात जीव रमत नाही. ऑफिसात एका व्याख्यात्याने सांगितलं की करिअरकडे खेळ म्हणून बघा. तुम्ही दिवाळीत हौसेने बांबूच्या कामट्यांचे आकाशकंदील करता आणि बघणारे म्हणतात, विकायला काढा. हप्ता डोक्यावर असताना कसला आलाय खेळ, आणि खेळायचं तर नेमकं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

हप्ता आहे म्हणूनच खेळाची रीत उपयोगी पडेल. घोळ होतो तो खेळ म्हणजे मजा असं धरल्यामुळे. कबड्डीच्या मैदानात चढाईला निघालेल्या गड्याचं तोंड बघा. तिथे मजा दिसत नाही, घाम आणि ताण दिसतो. तरी तो पुन्हा पुन्हा जातो, कारण चढाई फक्त ३० सेकंदांची असते. बाद झाला तरी आपल्या संघाने समोरचा गडी टिपला की तो परत मैदानात येतो. करिअरच्या बाबतीत आपण याच्या अगदी उलट वागतो. आठ-दहा वर्षं काहीच करत नाही आणि मग एक दिवस सगळं पणाला लावून राजीनामा देतो, किंवा त्याच भीतीने जन्मभर देत नाही. तेव्हा पहिलं काम हे, की डाव इतका लहान करायचा की हरलो तरी घरचा किराणा थांबणार नाही. हसतखेळत काम करणं वगैरे जमलं तर छानच, पण सुरुवात तिथून होत नाही.

कुठे काय बदलायचं हे ठरवण्याआधी १४ दिवस फक्त नोंदी ठेवा. ‘जीव रमत नाही’ हे निदान म्हणून फार ढोबळ आहे. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७०च्या दशकात गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यचिकित्सक अशा माणसांचा अभ्यास केला. काम अंगच्या कौशल्यापेक्षा सोपं असेल तर कंटाळा येतो, झेपण्यापलीकडचं असेल तर धास्ती वाटते आणि दोन्ही जुळले की माणूस वेळ विसरतो, असं त्यांनी मांडलं. पुढे त्यांनी लोकांना पेजर दिले. पेजर अवेळी वाजला की त्या क्षणी काय करताय आणि कसं वाटतंय ते लिहायचं. तुम्हाला पेजरची गरज नाही. मोबाइलवर रोज चार अलार्म लावा, वेळा रोज बदला. अलार्म वाजला की एक ओळ लिहा: काय करत होतो, जड की सोपं की बरोबर, वेळ धावत होता की रेंगाळत होता. दिवसाच्या शेवटी आठवून लिहू नका. संध्याकाळी सगळा दिवस शेवटच्या मीटिंगच्या रंगात दिसतो.

दहा कामाचे दिवस म्हणजे चाळीस नोंदी. टेस्टिंगमधल्या माणसाच्या वहीत बहुधा असं चित्र निघतं: रिग्रेशनच्या (बदलानंतर जुनं अजून चालतं ना हे पुन्हा तपासण्याच्या) त्याच त्या फेऱ्या ‘सोपं, रेंगाळलं’, रिलीजची (नवी आवृत्ती बाहेर काढायची) रात्र ‘जड’, आणि मध्येच कुठेतरी एखादा विचित्र दोष शोधताना ‘बरोबर, धावला’. हा तिसरा प्रकार चाळीसपैकी तीन-चार वेळा जरी आला तरी तुमचं मोकळं मैदान तेच. तो एकदाही आला नाही आणि सगळ्या नोंदी ‘जड’ असतील, तर अडचण कंटाळ्याची नसून कामाच्या बोज्याची आहे. त्यावर खेळ हा उपाय नाही. काम कमी करून घ्या, रजा घ्या. झोप उडाली असेल, रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा येत असेल तर डॉक्टरांना भेटा किंवा १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर बोला. पगारात अन्याय होत असेल किंवा साहेब अपमान करत असेल तर तिथेही खेळकर वृत्ती शिकवायला जाऊ नये. तो प्रश्न भांडून किंवा नोकरी बदलून सुटतो.

आता आहे त्या खुर्चीत काय करता येईल ते बघू. लोक हा टप्पा गाळतात, पण सगळ्यात स्वस्त हाच आहे.

एमी रेझनेस्की आणि जेन डटन या संशोधकांनी २००१ मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधात रुग्णालयातल्या सफाई कामगारांचं उदाहरण आहे. हुद्दा तोच आणि नेमलेलं कामही तेच. पण काहीजण यादीतलं उरकून मोकळे होत. काहीजण मात्र वॉर्डची लय बघून झाडपूस करत, पेशंटशी चार शब्द बोलत आणि आपण बरं करण्याच्या कामात आहोत असं मानत. कामाची शीव आपल्या हाताने थोडी सरकवता येते, एवढाच याचा अर्थ. टेस्टिंगमध्ये तर त्यासाठी तयार पद्धतच आहे. जेम्स आणि जोनाथन बाख या भावांनी २००० साली ती मांडली. टेस्ट केसची (ठरलेल्या तपासण्यांची) यादी बाजूला ठेवायची, साधारण ९० मिनिटांचं एक सत्र घ्यायचं, त्याला एका वाक्याचा चार्टर, म्हणजे काय शोधायचं ते, द्यायचा, सत्रात जे दिसेल ते टिपायचं आणि शेवटी कुणालातरी १५ मिनिटांत सांगायचं. ठरलेला वेळ, ठरलेली हद्द आणि आतमध्ये पूर्ण मोकळीक, म्हणजे खेळाला लागतं ते सगळं यात आलं.

चार्टर कसा असावा? ‘पेमेंट मॉड्यूल तपासा’ हा चार्टर नव्हे, ती नेहमीचीच कामाची यादी झाली. ‘मराठीत टाइप करणारा माणूस या फॉर्ममध्ये कुठे अडकतो ते शोधा’ असा हवा. मग रकमेच्या रकान्यात देवनागरी आकडे टाकून बघा. सर्व्हरवरच्या पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेला ‘१२३’ ही अक्षरं देऊन पूर्णांक मागितला तर तो निमूटपणे एकशे तेवीस देतो. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट तेच आकडे ‘हा अंकच नाही’ म्हणून परत करते. म्हणजे पुढचा पडदा एक म्हणतोय आणि मागचा सर्व्हर दुसरं. नाव टाकताना ‘कुऱ्हाडे’ घ्या. त्यातला ऱ एकसंध अक्षर म्हणूनही साठवता येतो आणि र खाली नुक्ता देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण सॉफ्टवेअरने ते आधी एकरूप करून घेतले नाहीत तर यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी माणसं, आणि केवायसी फेटाळलं जातं. अशा सत्रात दीड तास कसा गेला कळत नाही. शिवाय बाहेर येताना हातात दोष असतात, त्यामुळे साहेबांनाही काही सांगता येतं.

साहेबांकडे परवानगी मागताना खेळ, सर्जनशीलता, इनोव्हेशन यातला एकही शब्द काढू नका. “दर गुरुवारी ९० मिनिटं, आठ आठवडे. त्यात सापडलेले दोष वेगळ्या टॅगने नोंदवतो. आठ आठवड्यांनी आकडा बघू, दम नसेल तर बंद करू,” एवढंच म्हणा. शुक्रवार टाळा, तो रिलीजचा किंवा कोसळलेल्या बिल्डचा वार असतो. आणि हे सत्र टेस्ट एन्व्हायर्नमेंटवरच घ्यायचं. चालू प्रणालीवर, ग्राहकाच्या पैशांवर हौस भागवायची नसते. नाही म्हणाले तर चार आठवड्यांचं मागा. तेही नाही म्हणाले तर नोंदवहीत लिहून ठेवा, पुढे नोकरीच बदलायची वेळ आली तर या नोंदी कामाला येतील.

ऑफिसबाहेरच्या डावांचे नियम मात्र कडक ठेवा. एका डावाला चार आठवडे, एकूण २० तास, जास्तीत जास्त ५ हजार रुपये. एका वेळी एकच. सुरू करण्याआधी तारीख घालून दोन वाक्यं लिहा: काय झालं तर पुढे जाईन आणि काय झालं तर सोडून देईन. हे आधी लिहिलं नाही तर शेवटी मन कसंही हिशेब जुळवतं.

आणि एक नियम असा की तो पाळला नाही तर बाकीचे पाळून काही हाती लागत नाही. कबड्डीत चढाई करणाऱ्याला मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवरची ‘निदान रेषा’ ओलांडावी लागते. ती न ओलांडता आणि कुणाला न शिवता परत आला तर तो बाद. तुमच्या डावातही अशी रेषा हवी. घरचे आणि मित्र सोडून एखाद्या परक्या माणसाने तुमचं काम वापरलं, पैसे दिले किंवा तोंडावर ‘नको’ म्हटलं, म्हणजे रेषा ओलांडली. ऑनलाइन कोर्स केला, सर्टिफिकेट लावलं, वीस व्हिडिओ पाहिले, लोगो बनवला, इन्स्टाग्रामचं पान उघडलं, हे सगळं मध्यरेषेवरचं नाचणं आहे. आयटीतली हुशार माणसं नेमकी इथेच वर्षानुवर्षं अडकतात, कारण कोर्स पूर्ण केल्यावर काहीतरी केल्यासारखं वाटतं आणि नकार मात्र कुणाचाच ऐकावा लागत नाही.

तुमच्यासाठी पहिला डाव मी कंदिलाचा घेणार नाही. आधी टेस्टिंगला लागून असलेलं काहीतरी घ्या, तिथे तुमची ११ वर्षं कामाला येतील. उदाहरणार्थ, दृष्टिहीन माणसाला एखादं अॅप वापरता येतं का हे तपासणं. अँड्रॉइडमध्ये पडदा वाचून दाखवणारं टॉकबॅक बहुधा आधीपासून असतं, विंडोजवर तसंच एनव्हीडीए फुकट मिळतं आणि त्यात मराठी आवाजही आहे. एखाद्या छोट्या व्यावसायिकाला विचारा, डबा पोचवणारा, क्लासवाला, कुणीही. तीन प्रवास ठरवा: नोंदणी, खरेदी, तक्रार. पडदा बंद करून फक्त आवाजावर ते पार पाडायचा प्रयत्न करा. बहुतेक वेळा तिसऱ्याच पायरीला अडाल, कारण बटणावर नुसतं चित्र आहे, त्याला नाव दिलेलं नाही, आणि कानावर फक्त ‘बटण’ एवढंच पडतं. ओटीपीचा रकाना वेळ संपला की रिकामा होतो आणि तसं सांगतही नाही. दोन पानांचा अहवाल लिहा, प्रत्येक दोषापुढे दुरुस्तीला किती वेळ लागेल ते मांडा आणि मालकाला प्रत्यक्ष दाखवा. परवानगी लेखी घ्या, निदान व्हॉट्सअॅपवर तरी. सुरक्षेतली भोकं शोधायला जाऊ नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या प्रणालीत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्यात बसतं, आणि तिथे ‘सहज खेळत होतो’ हा बचाव चालत नाही.

दुसरा डाव शिकवण्याचा असू शकतो: इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या सहा-आठ मुलांना शनिवारी दोन तास, माणशी २०० रुपये. फुकट ठेवू नका. फुकट असेल तर सगळे ‘येतो’ म्हणतात आणि तिघं येतात, मग विषय आवडला नाही की शनिवार आवडला नाही हेच कळत नाही.

आता कंदील. आधी हिशेब बघा. कामट्या, पतंगी कागद, खळ, दोरा, झिरमिळ्या धरून एका कंदिलाला ९० रुपये सामान आणि नीट षटकोनी बांधायला तीन तास धरू. २० कंदील ३५० रुपयांनी विकले तर ७ हजार आले, सामानाचे १,८०० वजा, उरले ५,२००. तास मात्र कंदील बांधण्याचे ६० आणि निदान ८ निरोपानिरोपी, पोचवणं, ‘दादा निळा नाही का?’ यांचे. तासाला ७६ रुपये पडले, म्हणजे वीज, जागा काहीच न धरता. शिवाय सातव्या-आठव्या कंदिलानंतर हात आपोआप चालतात आणि पंधराव्याला तुम्ही त्याच रिग्रेशनच्या फेरीत असता. शेजारी बाजारात कारखान्यातले घडीचे कंदील याहून कितीतरी स्वस्त मिळत असतात, तेव्हा भाव वाढवायलाही फारशी जागा नाही.

त्याऐवजी सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना कंदील करायला शिकवा. आठ मुलं, माणशी ३०० रुपये. सामानाचे ७२० गेले तर १,६८० उरतात. तीन तासांचं सत्र आणि आदल्या दिवशी कामट्या तासून मापाने कापायला चार तास, म्हणजे तासाला २४० रुपये. इथे चुकतं ते एकाच ठिकाणी: कामट्या मुलांना कापायला दिल्या तर बोटात कुसळं जातात आणि सगळा वेळ चिमटा शोधण्यात जातो. त्या घरूनच कापून, कडा घासून न्या. सांगाडा बांधताना दोऱ्याच्या गाठी मारायला लहान मुलांना जमत नाही, त्यांना सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे द्या, कामटीचं टोक आत सरकवलं की सांधा तयार.

हे व्हॉल्व्ह ट्यूबचं तंत्र ज्यांच्यामुळे घराघरात पोचलं त्या विज्ञानखेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची वाट तुमच्या प्रश्नाशी थेट जुळते. आयआयटी कानपूरहून १९७५ साली बाहेर पडून ते पुण्याला टेल्कोत (आजची टाटा मोटर्स) लागले. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करायला गेले, ते वर्षभराची रजा घेऊन. राजीनामा देऊन नव्हे. तिथे काड्यापेटीच्या काड्या आणि ही ट्यूब यांतून भूमितीचे आकार जोडणारी खेळणी आकाराला आली. पुढे आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेचं बालविज्ञान केंद्र आणि २०१८ चं पद्मश्री हे सगळ्यांना माहीत आहे, पण तुम्ही लक्षात ठेवायची ती रजा. तुमच्या कंपनीत बिनपगारी रजेची सोय आहे का, किती महिन्यांची, विमा चालू राहतो का, हे एचआरकडून आजच विचारून ठेवा. हप्ता भरायला तेवढ्या महिन्यांचे पैसे वेगळे काढल्याशिवाय ती घ्यायची नाही, हे ओघानं आलंच.

कंदिलाबाबत आणखी एक इशारा. १९७३ साली मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढायची हौस असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते नंतर अचानक दिलं, काहींना काहीच नाही. दोनेक आठवड्यांनी पाहिलं तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं मोकळ्या वेळेत इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. म्हणून आपली एक हौस बाजारापासून लांबच ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. शिकवण्याचे पैसे घ्या, पण स्वतःच्या दाराशी लावायचा कंदील कुणाच्या ऑर्डरीत बसवू नका. याच कारणासाठी करिअरला गुण, बॅज, सलग दिवसांची साखळी लावणाऱ्या अॅपचाही मला भरवसा वाटत नाही. साखळी तुटली की माणूस कामच सोडतो.

किती डाव फसतील? बहुतेक. आंद्रे गाइम या भौतिकशास्त्रज्ञाने मुख्य संशोधन चालू ठेवून वेळेचा साधारण दहावा हिस्सा ‘शुक्रवार संध्याकाळच्या प्रयोगां’ना दिला. सुमारे १५ वर्षांत असे दोन डझनांच्या आसपास प्रयोग झाले आणि त्यांतले तीन लागले: चुंबकीय क्षेत्रात तरंगणारा बेडूक, पालीच्या पायासारखी चिकटणारी पट्टी आणि चिकटपट्टीने ग्रॅफाइट सोलून मिळालेलं ग्राफीन, म्हणजे कार्बनचा अतिपातळ थर. बेडकाने त्यांना २००० मध्ये इग्नोबेल हे थट्टेचं पारितोषिक दिलं, ग्राफीनने २०१० मध्ये सहकारी नोव्होसेलोव्ह यांच्यासोबत खरं नोबेल. नोबेल मिळवणाऱ्याचा हिशेब आठात एक असेल तर तुमचे पहिले दोन डाव वाया जाणं हे काही अपयश नव्हे. आठवड्याचा दहावा हिस्सा म्हणजे चार-पाच तास, वर ठरवलेले २० तास त्याच मापाचे आहेत.

कागदपत्रांचं आताच बघून घ्या. नेमणूकपत्रात ‘इतरत्र काम करणार नाही’ असं कलम बहुतेक आयटी कंपन्यांत असतं, आणि २०२२ मध्ये मूनलायटिंगवरून (नोकरी करता करता चोरून दुसरीकडे काम) नोकऱ्या गेल्यापासून ते गांभीर्याने घेतात. स्पर्धक कंपनीचं काम, ऑफिसचा लॅपटॉप आणि ऑफिसची वेळ या तीन गोष्टींना हात लावू नका. मोबदला घेण्याआधी एचआरला ईमेल करा. वाचणाऱ्यांत कुणी राज्य सरकारी नोकरीत असेल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आधी उघडा, तिथे परवानगीचं बंधन बरंच घट्ट आहे. आणि वर्गाचे किंवा कंदिलाचे पैसे मिळाले की ते व्यवसायाचं उत्पन्न. मग त्या वर्षी प्राप्तिकर विवरणपत्राचा आयटीआर-१ हा साधा फॉर्म चालत नाही, ३ किंवा ४ भरावा लागतो.

घरी आधी सांगा, लिंक्डइनवर शेवटी, किंवा नकोच. चार आठवड्यांचा प्रयोग जाहीर केला की तो प्रतिज्ञा होऊन बसतो आणि सोडताना लाज वाटते. बायकोला मात्र २० तास कुठल्या वेळचे जाणार हे दाखवून द्या, कारण ते तिच्याच शनिवारांतून जाणार आहेत.

डाव मोठा कधी करायचा? तोच परका माणूस पुन्हा आला, त्याने दुसऱ्याला पाठवलं, आणि त्या कामातला रटाळ भाग, म्हणजे बिल करणं, फोनचा पाठपुरावा, तुम्ही कुणी न ढकलता केलात. तिन्ही झालं तर पुढच्या डावाला ४० तास आणि १५ हजार. पहिली दोनच झाली तर काम चांगलं आहे पण तुमचं नाही. फक्त तिसरं झालं तर छंद म्हणून ठेवा. असे तीन-चार डाव झाल्यावर कंपनीतच ॲक्सेसिबिलिटी (अपंगांनाही वापरता येतं का ते बघणाऱ्या) किंवा प्रशिक्षणाच्या टीममध्ये बदली मागता येईल. हातात दाखवायला खरे अहवाल असतील आणि ९० दिवसांच्या नोटिशीला हातही लावावा लागणार नाही. वार्षिक मूल्यमापनाच्या दोन महिने आधी ते मागा, नंतर जागा भरलेल्या असतात.